परतीचं ऊन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ४४, राहणं छत्रपती संभाजीनगरला, ८ महिन्यांपूर्वी हायब्रिड सायकल घेतली, रोज सकाळी १५-२० किलोमीटर होतात. ऑक्टोबरातल्या एका रविवारी सात वाजता निघून म्हैसमाळला गेलात. वर नीट पोचलात. परतताना दौलताबाद सोडल्यावर पोटऱ्यांत गोळे आले, डोकं गरगरलं आणि शेवटचे काही किलोमीटर सायकल छोटा हत्तीत टाकून घरी आलात. आता विचारताय, वय झालं का? की चांगल्या गिअरची महागडी सायकल घ्यावी?

दोन्हीची गरज नाही. तुमचं चुकलं ते घड्याळ.

मी गेली १४-१५ वर्षं बहुतेक रविवार याच रस्त्यांवर असतो, आणि गटात माझी जागा शेवटची. मागे पडलेल्यांना गोळा करत आणायचं काम माझ्याकडे असतं, त्याला स्वीप म्हणतात. या जागेवरून एक गोष्ट फार स्वच्छ दिसते. जाताना कोणी मोडत नाही. घाटात धापा टाकतील, उतरून ढकलतील, पण वर जातात. माणसं मोडतात ती येताना, साडेदहा वाजून गेल्यावर, आणि तेही सपाट रस्त्यावर. घाटाला दोष देऊन मोकळे होतात, पण घाट तर दोन तासांपूर्वीच मागे पडलेला असतो.

तुमच्याच राईडचा हिशेब मांडू. शहर ते म्हैसमाळ साधारण ४० किलोमीटर. शहर समुद्रसपाटीपासून ५७० मीटरच्या आसपास, म्हैसमाळ हजाराच्या वर. नवख्याला एवढी चढण धरून जायला पावणेतीन तास लागतात. वर फोटो, चहा, गप्पा, पाऊण तास. उतरून घरी यायला दोन-सव्वादोन तास. सातला निघालात म्हणजे वर पावणेदहाला, परत निघालात साडेदहाला, घर पावणेएकला. म्हणजे सगळ्यात थकलेला तास तुम्ही दिवसातल्या सगळ्यात वाईट उन्हात घातलात. हीच राईड पाचला सुरू केली असती तर घाम तेवढाच, पाय तेच, पण शेवटचा तास पावणेदहा ते पावणेअकराचा आला असता. छोटा हत्ती लागला नसता.

त्यात ऑक्टोबर. मे महिन्याची भीती सगळ्यांना असते म्हणून मेमध्ये माणूस जपून राहतो. ऑक्टोबरात पाऊस नुकताच गेलेला, डोंगर हिरवा, सकाळ गार, म्हणून फसतो. आभाळ मोकळं झाल्यामुळे ऊन थेट लागतं आणि जमिनीत ओल असल्याने हवा दमट असते. घाम येतो पण लवकर वाळत नाही. सायकल चालू असेतो अंगाला वारा लागतो आणि काही जाणवत नाही. सिग्नलला किंवा चहाला थांबलं की एकदम भट्टीचं दार उघडल्यासारखं होतं.

वाऱ्याचंही बघा, कारण आपल्याकडे नकाशा बघतात आणि वारा कोणी बघत नाही. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. वेरूळ-खुलताबाद-म्हैसमाळ शहराच्या वायव्येला. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये जाताना वारा छातीवर आणि येताना पाठीला, याहून चांगलं काय! पण पाऊस सरल्यावर वारा फिरतो, पूर्व-ईशान्येकडून यायला लागतो. पहाटे तो नसल्यासारखाच असतो, दहानंतर जोर धरतो. तुमच्या ऑक्टोबरच्या परतीला तो आडवा आणि थोडा समोरून लागला असणार. उलटा सापळा पूर्वेकडे जाणाऱ्या जालना रस्त्याचा. जुलैत त्या बाजूला निघालं की मीटरवर ताशी ३० दिसायला लागतं, वाटतं आज काय फॉर्मात आहोत आपण! परत फिरल्यावर तोच माणूस १६ वर येतो. निघताना फारच मजा येत असेल तर एकदा थांबून विचार करा की मजा पायांची आहे की वाऱ्याची.

म्हणून माझा नियम सोपा आहे. ठिकाण ठरवू नका, परत फिरायची वेळ ठरवा. नवखा असेल तर हिवाळ्यात साडेआठ, ऑक्टोबरात आठ. त्या वेळी जिथे असाल तिथून सायकल वळवायची. मी स्वतः म्हैसमाळचा टॉवर समोर दिसत असताना दोनदा परत फिरलोय. एकदा पंक्चरमुळे उशीर झाला म्हणून आणि एकदा सोबतचा मुलगा उपाशीपोटी आला होता म्हणून. बरोबरचे चिडले, चिडू द्यावं. मेमध्ये तर मी पावणेपाचला निघतो, ५० किलोमीटरच्या वर जात नाही आणि साडेआठला घरात असतो. डिसेंबरात उजाडायलाच सात वाजत येतात. तेव्हा सहाला निघालं तरी चालतं, पण पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा लावून.

सायकलीबद्दल. तुमच्या सायकलीचं पुढचं लहान चक्र आणि मागचं सगळ्यात मोठं चक्र, दोन्हींचे दात मोजा. पुढे ३४ आणि मागे ३२ असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण सव्वादोन मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारलेत तर ताशी ८ किलोमीटर. दौलताबादहून खुलताबादला चढायला एवढं पुरतं, आरामात पुरतं. घोळ वेगळाच असतो. हलकं गिअर टाकायला पुरुषांना लाज वाटते. जड गिअरवर घाट सुरू करायचा, गुडघे कुरकुरायला लागले, वेग मेला की मग घाईघाईत गिअर टाकायचं. चेन ताणाखाली असते, ती कुरकुरत अडकते नाहीतर उतरते. घाटाच्या पायथ्यालाच, पाय ताजे असताना हलक्यावर या. सीटची उंची एकदा तपासा: टाच पायडलवर ठेवून पायडल खाली नेलं की पाय सरळ व्हायला हवा. बहुतेकांची सीट दीड-दोन इंच खाली असते, कारण दुकानदाराने बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकतील अशी लावून दिलेली असते.

टायरमध्ये हवा टनाटन भरू नका. टायरच्या कडेला छापलेला आकडा कमाल मर्यादेचा, तो रोजचा समजायचा नाही. ३२ मिमीचं टायर आणि माणूस ७५ किलोच्या आसपास असेल तर ६० ते ७० पीएसआय ठीक. आता जिकडेतिकडे सिमेंटचे रस्ते झालेत आणि त्यांवरच्या आडव्या रेघांनी तळहात बधिर होतात. हवा थोडी कमी ठेवली की फरक लगेच कळतो. डांबरी रस्त्यांची वेगळी तऱ्हा. खाली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरचा रस्ता लाटा-लाटांचा होतो आणि कडा तुटतात. त्यामुळे अगदी कडेने चालवण्यात शहाणपण नाही, कडेपासून दोन-तीन फूट आत राहा. चाक साईडपट्टीवर उतरलंच तर तिरपं तिरपं परत वर चढवायला जाऊ नका. पुढचं चाक त्या कंगोऱ्याला घासतं आणि माणूस रस्त्याच्या आत, मागून येणाऱ्या गाडीच्या बाजूला पडतो. थांबा, उतरा, सायकल उचलून वर घ्या.

आणि साईडपट्टीवर उतरायचं नाही याचं आणखी मोठं कारण म्हणजे सराटा. पुण्या-मुंबईच्या सायकलवाल्यांना मी हे सांगतो तेव्हा ते हसतात. पावसाळ्यात रस्त्याकडेला पिवळ्या फुलांची वेल जमिनीला धरून पसरते. तिचं हरभऱ्याएवढं फळ वाळलं की त्याच्या पाच फाका होतात, प्रत्येकीला दोन लांब काटे. ती फाक कशीही पडली तरी एक टोक वर राहतं. ऑक्टोबरपासून पुढे सायकल नुसती रस्त्याखाली उतरवून झाडाला टेकवली तरी चाकाला चार-सहा चिकटून येतात. दुसरा शत्रू बाभूळ. कुंपणासाठी काट्या बैलगाडीतून ओढत नेतात, त्यातले तुकडे रस्त्यावर पडत जातात.

माझा धडा सांगतो. सुरुवातीच्या काळात पैठण रस्त्याला मागचं चाक बसलं. ऐटीत ट्यूब बदलली, हवा भरली, निघालो. दोन किलोमीटरवर परत फुस्स. जवळची दुसरी ट्यूब घातली, तीही बसली. बांधावर बसलेले एक आजोबा बराच वेळ माझा तमाशा बघत होते. शेवटी उठून आले, टायर हातात घेतलं आणि खांद्यावरच्या उपरण्याचं टोक टायरच्या आतून हळूहळू फिरवत नेलं. एका जागी कापडाचा धागा अडकला. "काय लेकरा, काटा तर आतच हाय की. तू निस्ती ट्यूब बदलायलास!" टोक असं होतं की बोटाला लागत नव्हतं आणि डोळ्याला दिसत नव्हतं. बाहेरून काढता येईना, आतून नखाने ढकलून काढावं लागलं. तेव्हापासून माझ्या पिशवीत सुती रुमालाचा तुकडा असतो. पंक्चर झालं की आधी ट्यूबमधलं भोक शोधायचं, ट्यूब टायरवर तशीच धरून भोकासमोरची टायरची जागा बघायची, मग पूर्ण टायरच्या आतून कापड फिरवायचं, कारण सराटे एकटे येत नाहीत. नवी ट्यूब त्यानंतर.

दोन ट्यूब, टायर उचकटायच्या लिव्हरची जोडी, सोल्युशन आणि पॅच, हातपंप. एवढं घेतल्याशिवाय शहराबाहेर पडू नका. व्हॉल्व्ह तपासून घ्या. मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर कुठल्याही फाट्यावरचा पंक्चरवाला हवा भरून देईल. बारीक व्हॉल्व्ह असेल तर त्याच्याकडे त्याचं तोंडच नसतं. पितळेचं एक बारकं अडॅप्टर मिळतं, ते व्हॉल्व्हलाच लावून ठेवा. आणि तुमच्या चाकाची ट्यूब गावात मिळेल या भरवशावर जाऊ नका, तिथे २६ इंची मिळते.

पाण्याचं बघू. तुम्ही लिहिलंय, दोन बाटल्या पाणी प्यालो तरी गोळे आले. गोळे केवळ मीठ कमी पडल्याने येतात असं नाही. सवयीपेक्षा जास्त ताणलेला स्नायू थकला की गोळा येतो, ऊन त्यात भर घालतं. सुमारे सहा तासांच्या उन्हात दोन बाटल्या तशाही फार कमी. तासाला अर्धा ते पाऊण लिटर धरा, तेही घोट घोट. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत लिंबू-मीठ-साखर किंवा ओआरएस. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, आपण ती अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओततो आणि मग मळमळतं म्हणून पाण्याला नावं ठेवतो. बीपीची गोळी चालू असेल तर मिठाचं डॉक्टरांना विचारा. उन्हात असताना अंगावर काटा आला, थंडी वाजल्यासारखं झालं, बोलणं अडखळायला लागलं तर ती थकावट नव्हे, ऊन लागतंय. सावली, डोक्या-मानेवर पाणी, आणि गाडी बोलवायची. तुम्ही छोटा हत्ती थांबवलात हा त्या दिवशीचा तुमचा सगळ्यात चांगला निर्णय होता. छातीवर दाब आला किंवा दुखणं डाव्या हातात, जबड्यात गेलं तर तिथे सायकल, राईड, गट सगळं विसरून थेट दवाखाना.

खाण्याचं फार शास्त्र नको. आदल्या रात्री भाकरी-भात पोटभर, पहाटे एक केळं, मग दर पाऊण तासाला काहीतरी गोड तोंडात: गूळ-शेंगदाण्याचा लाडू, खजूर, चिक्की. भूक लागायची वाट बघायची नाही. पोहे वर पोचल्यावर. म्हैसमाळला गरम भजी दिसली की हात आवरत नाही, मीही खातो, पण दोनच. बाकीची उतारावर घशाशी येतात. परतीला रसवंती दिसली तर जरूर थांबा, बर्फ तेवढा नको म्हणा. आणि घाटात सीताफळांच्या टोपल्या दिसल्या तर तिथेच बसून खा. मी एकदा पिकलेली दोन जर्सीच्या मागच्या खिशात ठेवून उतार उतरलो होतो. घरी काय झालं ते लिहीत नाही.

उताराचं मात्र लिहितो. ब्रेक सतत दाबून धरले की रबर तापतं आणि पकड जाते. वळणाआधी, सायकल सरळ असताना, दोन्ही ब्रेक दाबून वेग कमी करा, मग सोडा, वळणात ब्रेक नको. वळणांवर कडेची वाळू-खडी आलेली असते. दौलताबादला रस्ता जुन्या दरवाजातून जातो, तिथे समोरून बस असेल तर सरळ थांबून तिला जाऊ द्या. रुंदीचा अंदाज घेत बसू नका.

कुठल्या दिवशी कुठे जायचं नाही, हेही रस्त्याइतकंच महत्त्वाचं. श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीला शहरातून रात्रभर माणसं पायी जातात, पहाटे खुलताबादचा रस्ता भरलेला असतो. श्रावण सोमवारी घृष्णेश्वराची गर्दी. त्या माणसांमधून घंटी वाजवत जाणं मला बरं वाटत नाही, तेव्हा आम्ही दुसरीकडे वळतो. पैठणला नाथषष्ठीच्या दिवसांत दिंड्या असतात. एरवी पैठण, जायकवाडी धरणापर्यंत, पहिली शंभरी करायला उत्तम. एका बाजूला साधारण ५० किलोमीटर, घाट नाही. चितेगाव-बिडकीनच्या पट्ट्यात कंपन्यांच्या बसा आणि कंटेनर असतात, म्हणून रविवारच बरा. हिवाळ्यात नाथसागरावर, म्हणजे धरणाच्या जलाशयावर, पक्षी बघायला थांबलात तर परतीचं घड्याळ विसरू नका. समृद्धी महामार्गावर सायकलला आणि दुचाकीला बंदी आहे. रस्ता मोकळा दिसला म्हणून चढू नका, दरवर्षी कोणीतरी विचारतंच.

तुम्ही लातूरच्या मेहुण्यांबद्दलही विचारलंय. त्यांना औशाचा किल्ला करून नाश्त्याला घरी येता येईल; दम वाढला की पुढे खरोशाची लेणी. धाराशिवकरांना तुळजापूर आहे, पण कोजागिरीच्या दोन-तीन दिवस आधीपासून तो रस्ता पायी चालणाऱ्यांचा. बीडवाल्यांना मांजरसुंब्याचा घाट आणि कपिलधार. सगळीकडे नियम तोच, परतीची वेळ आधी.

नोव्हेंबर ते मार्च ऊस. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढे दिसला की त्याच्या मागे वारा चुकवायला लागू नका. मागची ट्रॉली सापासारखी हलते, मोळी कधी सुटेल सांगता येत नाही आणि गाणी इतक्या मोठ्याने लावलेली असतात की तुमची हाक ड्रायव्हरला ऐकू जात नाही. पहाटेच्या अंधारात बैलगाड्या त्याहून अवघड. मागे ना दिवा ना रेडियम. गाडीवानाची झोप कारखान्याच्या रांगेत गेलेली असते. त्याला शिव्या देण्यात अर्थ नाही, आपला दिवा चांगला ठेवावा. आमच्यातला एकजण रेडियमच्या पट्ट्या घेऊन फिरतो आणि कारखान्याच्या फाट्यावर थांबलेल्या गाड्यांना चिकटवत सुटतो. त्यापायी राईडला वीस मिनिटं उशीर होतो, ते आम्ही धरूनच चालतो. जानेवारीत तोच उशीर हुरड्याने होतो, त्याची तक्रार कोणी करत नाही.

कुत्री: वेग वाढवला की मागे लागतात. थांबा, उतरा, सायकल मध्ये घ्या, दम देऊन "हाड!" म्हणा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

गटात जायचं तर एकामागे एक. पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक कधी बाजूने भिडू द्यायचं नाही. तो जरा सरकला की पडतो मागचा. खड्डा दिसला की पुढच्याने ओरडून सांगायचं, मागच्याने तसंच आपल्या मागच्याला पोचवायचं. आणि गटात जाण्याआधी एकच विचारा: स्वीप कोण? यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले तर त्या गटाबरोबर जाऊ नका.

पुढे मागे ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राईड, करायची हौस तुम्ही लिहिली आहे. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. तासाला १५ चा हिशेब आहे, थांबणं धरून. वेगाने ते होत नाही, कमी थांबल्याने होतं. त्याला अजून वर्ष आहे.

येत्या रविवारी साडेपाचला निघा. म्हैसमाळ नको, खुलताबादपर्यंतच. दौलताबादच्या पुढे घाट लागायच्या आधी हलकं गिअर, दर वीस मिनिटांनी पाणी. आठच्या आत चहा पिऊन सायकल शहराकडे वळवा. दहा वाजता घरी पोचून पाय कसे आहेत ते बघा आणि तिथून पुढचा रविवार ठरवा. छोटा हत्तीवाल्याचा नंबर तोवर फोनमध्ये राहू द्या.